मुलीची कॉलेज फी आणि स्कॉलरशिप रिटर्नमध्ये कशी दाखवू? (बजेट फक्त १,००० रु.)

कांदिवली_पूर्व
नमस्कार मंडळी. पगार वर्षाला १०.८० लाख, मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. २०२४-२५ मध्ये कॉलेजला १,८४,००० भरले, पावतीवर ट्यूशन फी १,४२,०००, डेव्हलपमेंट फी २१,०००, बाकी परीक्षा, लायब्ररी वगैरे. एका ट्रस्टकडून तिला ४०,००० ची स्कॉलरशिप मिळाली ती तिच्या खात्यात आली. ही माझं उत्पन्न धरायची का? आणि ८०सी (ठरावीक खर्च आणि गुंतवणुकीवरची टॅक्स वजावट) मध्ये फी पूर्ण लावू की ४० हजार वजा करून? पीएफ ६०,०००, एलआयसी २०,०००, मेडिक्लेम २५,०००. भाड्याने राहतो, महिना २१,०००, बेसिक म्हणजे मूळ पगार ५ लाख, एचआरए (घरभाडे भत्ता) २ लाख. ऑफिसात डिक्लेरेशन द्यायचं राहिलं म्हणून त्यांनी नवीन रिजीमने (दर कमी, पण ८०सी, एचआरए अशा सवलती नाहीत) टीडीएस, म्हणजे पगारातूनच टॅक्स, कापला. सीए सुचवा पण हजाराच्या वर जमणार नाही, पुढच्या सेमची फी तोंडावर आहे.

मुलुंडचा_बाबा
माझा सीए घे, १५ वर्षं तोच करतो, ४,५०० घेतो पण डोक्याला ताप नाही. स्कॉलरशिप इतर उत्पन्नात दाखवून टाक, सेफ राहतं.

नीलम_दादर
बाबा, चुकीचं सांगू नका हो. शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेली स्कॉलरशिप कलम १०(१६) खाली पूर्ण करमुक्त आहे, रकमेला मर्यादा नाही. आणि ती मुलीची आहे, वडिलांच्या रिटर्नमध्ये यायचा प्रश्नच नाही.

ठाणेकर_काका
माझा मुलगा अमेरिकेत एमएस करतो. तिथे कॉलेजकडून १०९८-टी नावाचा फॉर्म येतो, ट्यूशनला वापरलेली स्कॉलरशिप माफ पण राहण्याखाण्याला वापरली तर टॅक्स. पहिल्या वर्षी त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं, रात्री दोनला फोनवर समजावत बसलो होतो. म्हणून म्हणतो स्कॉलरशिप कशाला वापरली ते लिहून ठेवा.

नीलम_दादर
काका, ते तिथलं. आपल्याकडे तशी वाटणी नाही.

लालबाग_९०
मी भोगलंय म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी मुलाची अख्खी पावती ८०सी ला लावली, हॉस्टेल, बस, डेव्हलपमेंट, सगळं. ऑफिसच्या अकाउंटवाल्याने पेन्सिलीने एकेक ओळ खोडली आणि खाली फक्त ट्यूशन फीचा आकडा उरला. मार्चच्या पगारातून जादा कापलं, त्या महिन्यात घरखर्चाला मेहुण्याकडून उसने घ्यावे लागले. फक्त ट्यूशन फी लावा भाऊ. डोनेशन पण चालत नाही, क्लासची फी पण नाही.

मुलुंडचा_बाबा
क्लासची फी चालायला पाहिजे खरंतर, मुलं शिकतात कुठे, क्लासमध्येच ना.

पार्ल्याची_अनु
नीलमताई म्हणतात ते बरोबर, स्कॉलरशिप टॅक्स फ्री. पण ४० हजार वजा करा, जे पैसे परत मिळाले त्यावर सूट घेणं पटत नाही.

लालबाग_९०
का वजा? भरले बापाने, स्कॉलरशिप मुलीची.

पार्ल्याची_अनु
घर एकच ना! ती फीसाठीच मिळाली ना?

विक्रोळी_अकाउंट्स
दोघंही थांबा, आकडे बघा. ८०सी ची मर्यादा दीड लाख. पीएफ आणि एलआयसी मिळून ८० हजार झाले, जागा उरली ७० हजारांची. १,४२,००० लावा नाहीतर १,०२,००० लावा, आत ७० च बसणार. वाद कशावर चाललाय?
आता रिजीम. नवीन: १०.८० मधून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन (पगारदाराला मिळणारी सरसकट वजावट), राहिले १०.०५ लाख, सेससकट टॅक्स ५२,७८०. जुनी: स्टँडर्ड ५०,०००, प्रोफेशन टॅक्स २,५००, एचआरए २ लाख (भाडं २,५२,००० वजा बेसिकचे १० टक्के म्हणजे २,०२,०००, त्यामुळे मिळालेला पूर्ण २ लाख सुटतो), ८०सी दीड लाख, मेडिक्लेम २५,०००, राहिले ६,५२,५००, टॅक्स ४४,७२०. म्हणजे ८,०६० परत मिळतील. आणि फी लावलीच नाही तर जुनीत ५९,२८० होतो, मग नवीनच बरी. सगळा खेळ त्या ७० हजारांचा आहे.
ऑफिसने नवीन धरली तरी पगारदाराला रिटर्नमध्ये जुनी निवडता येते, पण मुदतीत भरलं तरच. घरमालकाचा पॅन घेऊन ठेवा, भाडं लाखाच्या वर आहे.

ठाणेकर_काका
आठ हजारांसाठी कशाला, नवीन ठेवा आणि झोपा शांत. एज्युकेशन लोन का नाही घेतलं? ८०ई मध्ये व्याज पूर्ण सुटतं, ८ वर्षं, मर्यादा नाही.

विक्रोळी_अकाउंट्स
काका, ते पण जुन्या रिजीममध्येच. आणि २०२५-२६ पासून नवीन रिजीममध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य, त्यामुळे यांना पुढच्या वर्षी फीची पावती लागणारच नाही.

मुलुंडचा_बाबा
म्हणून म्हणतो सीए घ्या. नंबर मेसेज करू?

नीलम_दादर
पावती मुलीच्या नावाने असते, तेव्हा पैसे तुमच्या खात्यातून गेल्याचं बँक स्टेटमेंट जपून ठेवा. मिसेस कमावत असतील तर फी दोघांत वाटून लावता येते.

कांदिवली_पूर्व
मिसेसचे घरगुती डबे आहेत, तिला टॅक्स बसत नाही.
सगळ्यांचे आभार, विक्रोळीवाल्या दादांचे विशेष. काकांनी नवीन ठेवा म्हटलं, बाबांनी सीए घ्या म्हटलं, पण आठ हजार म्हणजे लेकीचा कॉलेजचा वर्षाचा लोकल पास आणि पुस्तकं, ते मी सोडणार नाही. काल रात्री पोर्टलवर आम्ही दोघांनीच भरलं. तिने फॉर्म १६ (ऑफिसने दिलेला पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) मोठ्याने वाचला, मी टाइप केलं. अनुताईंचं पटलं म्हणून ट्यूशन फीत १,०२,००० च टाकले, परताव्यात फरक पडला नाही तरी. डॉक्युमेंट नंबर मागितला तिथे कॉलेजच्या पावतीचा नंबर टाकला. रिफंड ८,०६० दिसतोय, आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय पण झालं. खर्च शून्य.

मुलुंडचा_बाबा
एकदा सीएला दाखवून घ्यायचं होतं.