मुंबईतली नोकरी गेली, गावी कोकमाचा धंदा सुरू करू का? मंदीत जमेल का?

देवगडकर_परत:
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये कंपनीने आमच्या सेक्शनमधले निम्मे लोक काढले त्यात मी पण, आता गावी आलोय. हातात साधारण 3 लाख आहेत. घरामागे रातांब्याची (म्हणजे कोकमाची) 14 झाडं आहेत आणि वाडीत पण भरपूर आहेत, दरवर्षी अर्धी फळं खाली पडून कुजतात. म्हणून आगळ (फळांचा खारवलेला रस), आमसुलं (वाळवलेल्या साली) आणि सरबत करून विकावं असं डोक्यात आहे. पण सगळे म्हणतायत लोकांकडे पैसा नाय, आता कोण घेणार? लोन काढून मशीन वगैरे घेऊ की थांबू?

वेंगुर्ल्याची_काकू:
अरे थांबू काय, रातांबे थांबणार आहेत का तुझ्यासाठी? मी 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सुरू केलं, तेव्हा तर दुकानंच बंद होती. मशीन अजिबात नको. आमसुलाला काय लागतं, फळं फोडायला चार बायका, मीठ आणि कडक ऊन. साली रसात बुडवून वाळवायच्या, परत बुडवायच्या, अशी पुटं द्यायची. कमी पुटं दिलीस तर रंग येत नाय आणि गिऱ्हाईक एका नजरेत ओळखतं. खरी अडचण वेगळी आहे. माल सगळा एप्रिल-मेमध्ये होतो, पाऊस लागायच्या आत उरकावं लागतं आणि विकला जातो वर्षभर. म्हणजे फळं, मीठ, मजुरी, बाटल्या सगळे पैसे दोन महिन्यांत जातात आणि परत येतात थोडे थोडे. पहिल्या वर्षी माझं तिथेच चुकलं, होतं नव्हतं ते मालात घातलं आणि ऑगस्टमध्ये लाइटबिलाला भावाकडे हात पसरले. तू 3 लाखातले 1 लाखाच्या वर लावू नकोस.

चिपळूणचा_माजी_हॉटेलवाला:
काकूंचं बरोबर. माझी खानावळ होती, 2021 च्या पुरात गेली, पण खरं सांगायचं तर पुराच्या आधीच उधारीने अर्धी संपली होती. फूड लायसन्सचं रजिस्ट्रेशन आणि उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) दोन्ही करून ठेव, उद्यम फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नकोस. उद्यम असलं की माल घेणाऱ्याने 45 दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे, म्हणजे कागदावर आहे, बाजारपेठेतल्या दुकानदाराला कायदा दाखवलास तर पुढच्या वेळी तुझी बाटली फळीवर दिसणार नाय ही गोष्ट वेगळी.
आणि सबसिडीच्या नादात लोन काढू नकोस. केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत 35 टक्के मिळते, जास्तीत जास्त 10 लाख, पण ती हातात येत नाय, बँकेत राहते आणि 3 वर्षं हप्ते नीट गेले की कर्जात वळती होते. लोकांना वाटतं फुकट पैसे आले.

मालवणी_मेंदू:
तुका खरा सांगतंय, मंदीत धंदो बुडणा नाय, उधारीत बुडता. दुकानात ठेवच नको. गणपतीक चाकरमानी येतत ना, जाताना प्रत्येकाच्या पिशयेत दोन बाटले. रोख.

देवगडकर_परत:
@काकू, काचेची बाटली की प्लास्टिकचा कॅन? मुंबईला पाठवायचं म्हटलं तर फुटायची भीती वाटते.

वेंगुर्ल्याची_काकू:
आगळ अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीत, फक्त फूड ग्रेड बघून घे, आगळात मीठ आणि आंबट दोन्ही भरपूर, साध्या डब्यात नको. काच मी सोडली, एकदा खोका मुंबईला पोचला तेव्हा खालून लाल गळत होता, पार्सलवाला म्हणे रक्त आहे काय! सरबत यंदा कमी कर, साखरेचा खर्च वाढतो. मंदीत लोक सरबत सोडतील, आमसूल नाय सोडणार, आमटीला रोज लागतं.

देवगडकर_परत:
ठरलं, लोन नाय, मशीन नाय. बायको म्हणते पहिल्यांदा 50 किलो फळांचं करून बघ. वाडीतल्या आजी शिकवायला तयार आहेत, पैसे नको म्हणाल्या, फक्त बिया सगळ्या मला दे, थंडीत भेगांना लावायला मुठेलं (बियांचं घट्ट तेल) काढायचंय.