सिझरला दुसरा हात सिस्टरचा असतो, मग तो कागदावर का नाही?

ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर, परभणी जिल्हा
छोट्या रुग्णालयात रात्रीचं सिझर म्हणजे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि सिस्टर. दुसरा डॉक्टर कॅज्युअल्टीत अडकलेला. मग चिरा उघडा धरणारा डॉयन रिट्रॅक्टर कोण धरतं, रक्त-पाणी ओढून घ्यायला सक्शन कोण देतं, गाठ मारल्यावर धागा कोण कापतं? सिस्टरच. ओटी नोट्समध्ये मात्र असिस्टंटच्या रकान्यात नुसती रेघ. ब्रिटन-अमेरिकेत नर्स रीतसर शिकून शस्त्रक्रियेत फर्स्ट असिस्टंट होते. आपल्याकडे ऑपरेशन रूम नर्सिंगचा वर्षभराचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, पण तो करून आलेली सिस्टर ओटीतच राहील याची हमी नाही. जे काम आम्ही करतोच, ते शिकवा आणि आमच्या नावावर लिहा.

सर्जन, लातूर
सिस्टर, तुमच्या हातांवर माझा विश्वास आहे, तरी विरोध आहे. टेबलाशी अवजारं हातात देणारी स्क्रब सिस्टरच असिस्ट करायला लागली तर मॉप, म्हणजे रक्त टिपायच्या कापडी घड्या, कोण मोजणार? डब्ल्यूएचओच्या 2008च्या शस्त्रक्रिया-सुरक्षा चेकलिस्टमध्ये रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी मॉप, सुया, अवजारांची मोजणी मोठ्याने सांगायची असते, ती उगाच नाही. पोटात राहिलेला एक मॉप बाईचा जीव घेतो. शिवाय संभाजीनगरच्या घाटीत, अंबाजोगाईत, नांदेडला, म्हणजे मेडिकल कॉलेजांत, रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) असिस्ट करत करतच सर्जन होतात. त्यांची जागा कुठे?
आणि खासगीचं काय? बीडमध्ये ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात म्हणून 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अशा ठिकाणी 'नर्स असिस्टंट चालते' हा कागद मिळाला, की कुठलंही शिक्षण नसलेली मुलगी गाऊन घालून टेबलाशी उभी करतील.

ओटी सिस्टर
सर, ती मुलगी आजही उभी आहे. भूमिकेची व्याख्याच नाही म्हणून तिला कुणी विचारत नाही. मॉपचा मुद्दा मान्य. स्क्रब वेगळी आणि असिस्टंट वेगळी, हेच मी मागते. रेसिडेंट असेल तिथे तोच असिस्ट करील. आमच्याकडे तो नसतो.

स्टाफ ब्रदर, नांदेड
ताई, तुम्ही चांगल्या मनानं म्हणायलात, पण माणसं कुठून आणायची? कित्येक रात्री बाहेरून सामान पुरवणारी सर्क्युलेटिंग सिस्टरच नसते, तिथं तिसरी? पद मंजूर न होता नुसती जबाबदारी आली तर पगार तोच, काम दुप्पट. आधी रिकाम्या जागा भरा.

वकील, धाराशिव
केस झाली की पहिल्यांदा ओटी नोट्स मागवतात. नाव आलं की नोटीस सिस्टरलाही येऊ शकते. पण नाव नसताना रिट्रॅक्टर तिच्याच हातात होता हे साक्षीत निघालं, तर ती कोणत्या अधिकारानं तिथे होती, याला रुग्णालयाकडे उत्तर नसतं. मला ते जास्त धोक्याचं वाटतं.

सर्जन, लातूर
हद्द कुठे आखणार ते सांगा. कॉटरी, म्हणजे विजेनं रक्तवाहिन्या जाळून बंद करणं, तेही?

ओटी सिस्टर
कॉटरी नाही, चिरा नाही. रिट्रॅक्शन, सक्शन, धागा कापणं आणि सर्जन समोर असताना कातडीचे टाके. ब्रदर म्हणतात ते पदही त्यातच हवं.

सर्जन, लातूर
टाक्यांना माझी हरकत कायम आहे. बाकीचं लिहून पाठवा, आमच्या संघटनेच्या बैठकीत ठेवतो.