डायलवरचे डाग आणि आपली भक्ती

उलटी_चावी:
परवाच्या धाग्यावर एका महाशयांनी जाहीर केलं, 'जुनी डायल रंगवून घेणाऱ्याने घड्याळ विकून टाकावं, त्याची लायकी नाही. डाग म्हणजे घड्याळाचं प्रामाणिक वार्धक्य.' खाली टाळ्यांचा कडकडाट. तिथे उत्तर द्यायला बसले आणि लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

माझ्याकडे मामांचं फेवर-ल्युबा सी चीफ हे जुनं स्विस घड्याळ आहे. मामा दादरला राहायचे, फोर्टात नोकरी. लोकलचा घाम, खारा वारा, पावसाळे. ते गेल्यावर घड्याळ कपाटात पडून राहिलं. आज चारच्या खुणेपासून सहापर्यंत हिरवट-काळा डाग, लॅकरचे (वरच्या पारदर्शक रोगणाचे) पोपडे, मिनिटांच्या निम्म्या रेघा गायब. मशीन मात्र तेलपाणी केल्याबरोबर चालू झालं. आता ही डायल मी म्हणे 'जपायची'. भिंतीला अशी ओल आली तर आपण रंगारी बोलावतो, तिची आरती करत नाही.

मामांच्या लग्नाच्या फोटोत हीच डायल लख्ख रुपेरी आहे. ज्याने पगारातून पैसे बाजूला टाकून घड्याळ घेतलं, त्याला ती तशीच आवडली होती. डागांचं कौतुक नंतर विकत घेणाऱ्यांना. त्याचं टोक बघा: नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ओमेगा स्पीडमास्टर २९१५-१ हे घड्याळ ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. का, तर काळ्याची तपकिरी झालेली 'ट्रॉपिकल' डायल! घेणारं कोण, तर ओमेगाचंच म्युझियम. २०२३ मध्ये कंपनीनेच सांगितलं की हे इकडचे-तिकडचे भाग जुळवून केलेलं आहे आणि त्यात आमच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात आहे. तर तुमचं ते 'प्रामाणिक वार्धक्य' हे असं.

मी डायल रंगवणार. पटत नसेल तर कारण द्या, शिव्या नकोत.

भिंगवाला:
घ्या कारण. रीडायल, म्हणजे डायल नव्याने रंगवणं, हे वरवर हात फिरवणं नव्हे. लॅकर, छपाई, खालचा चांदीचा मुलामा, सगळं काढत पार पितळेपर्यंत जातात. मग नवा मुलामा, नवा रंग, नवी छपाई. हा छपाईचा ठसा कारखान्यातला नसतो, कोणीतरी अंदाजाने केलेला असतो. भिंगाखाली धरा म्हणजे कळेल. अक्षरं जाडी, कडा फुटलेल्या, मिनिटाची रेघ खुणेच्या मधोमध यायची ती बाजूला. सहाखालचं 'स्विस मेड' गायब, नाहीतर वर सरकलेलं. सेकंदाची छोटी तबकडी वेगळी असेल तर तिच्यातल्या बारीक गोल खाचा रंगाने बुजलेल्या. ह्यात मामांचं काय उरलं?

आणि स्पीडमास्टर तुमच्याच विरुद्ध जातं. मूळ भाग कोणते, हे तपासणारे खवट लोक आहेत म्हणून तर ती लबाडी उघडी पडली.

साफसफाईचंही तेच. एका घड्याळजीने माझ्या डोळ्यांदेखत जुन्या वेस्ट एंडच्या डायलवर ओला कापूस फिरवला. 'साहेब, जरा धूळ काढतो' म्हणाला, आणि डायलवरच्या 'सोवार प्रिमा' ह्या नावातलं 'प्रिमा' कापसावर. भरपाई म्हणून चहा पाजला.

खारघरचा_खवट:
एचएमटी पायलट म्हटलं की काळी डायल. आता ऑनलाइन बघा: केशरी पायलट, पोपटी पायलट, वर विमान, अशोकचक्र, काय मनाला येईल ते. खाली लिहिलेलं असतं 'दुर्मिळ, लष्करी'. परदेशातले संग्राहक असल्या रंगवलेल्या मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. बदनामी आमच्या गावाची! ताई, तुमचा रंगारी ह्याच टोळीतला निघणार, लिहून ठेवा.

उलटी_चावी:
टोळी? हातात ब्रश धरून पोट भरणाऱ्यांना टोळी म्हणताय. 'दुर्मिळ' असं लिहितो तो विकणारा, त्याला धरा. मी विकणार नाहीये, घालणार आहे.

देशाची_धडकन:
एचएमटीचा विषय निघालाच आहे तर बोलतोच. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळांचा कारखाना उभा राहिला. पुढे तुमकूर, राणीबाग, श्रीनगर. सतरा ज्वेलचं (मशीनमधले झीज रोखणारे खडे) 'जनता', रोज चावी द्या, वर्षानुवर्षं वापरा. २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने कुलूप लावायला मंजुरी दिली. सरकारने ठरवून मारली कंपनी. आज तेच 'जनता' 'व्हिंटेज' म्हणून विकून लोक गब्बर होताहेत.

पटत_नाही:
ठरवून वगैरे काही नाही. टायटन १९८४ ची. टाटा आणि तमिळनाडू सरकारचं महामंडळ मिळून काढलेली, कारखाना होसूरला. म्हणजे तिथेही सरकार होतंच की! त्यांनी क्वार्ट्झवर, म्हणजे बॅटरीच्या घड्याळांवर, भर दिला, चकचकीत शोरूम काढल्या. क्वार्ट्झ एचएमटीनेही केलं होतं, पण जीव अडकला होता चावीच्या घड्याळात. वर नव्वदनंतर बाजार खुला झाला.

देशाची_धडकन:
तुमच्या घरातलं कोणी होतं का तिथे? माझे काका होते. निवृत्तीच्या दिवशीही मनगटावर 'जनता'च होतं. वर्तमानपत्र वाचून अर्थशास्त्र शिकवू नका.

पटत_नाही:
काकांबद्दल आदर आहे. काका म्हणजे ताळेबंद नव्हे.

खारघरचा_खवट:
काकांवर जाऊ नका हो. बाकी 'जनता' एकदा खाली पडलं की थेट घड्याळजीकडे, हेही खरं.

देशाची_धडकन:
कुठलं घड्याळ पडल्यावर नाचतं? रोलेक्सही टाकून बघा, येऊ का बघायला?

फिजिक्सचे_सर:
तुमची भांडणं चालू द्या, मधे दोन ओळी. डायलवर, काट्यांवर जुनी पिवळट चमकी, म्हणजे अंधारात उजळणारा रंग, असेल तर नखाने खरवडू नका. साठच्या दशकाआधीच्या बऱ्याच घड्याळांत ती रेडियमची असते. अंधारात दिसत नाही म्हणून ती संपली असं नाही. थकतं ते रेडियममुळे उजळणारं झिंक सल्फाइड. रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. पुढे आलेलं ट्रिशियम बारा-साडेबारा वर्षांत निम्मं होतं. रेडियमची धूळ श्वासात किंवा पोटात जाणं वाईट. रीडायल करणारा पोरगा तेच काटे उघड्या तोंडाने ब्रशने घासतो. मूळ की रंगवलेलं ह्यावर एवढे रकाने भरले, त्या पोराच्या फुप्फुसावर कोणी एक ओळ लिहिली का?

देशाची_धडकन:
सर, रेडियमचं नंतर बघू. आधी ह्यांना ताळेबंदाचं उत्तर देऊ द्या.

भिंगवाला:
सरांचा मुद्दा बिनतोड आहे. ताई, तुमच्यासाठी तोडगा सांगतो: त्याच मॉडेलची बरी डायल शोधा, तिच्या मागचे पाय (डायल मशीनवर बसवायच्या पिना) तुमच्या मशीनला जुळतात का बघा, ती बसवा. मूळ डायल डबीत ठेवा. हे मी नाखुशीने सांगतोय.

खारघरचा_खवट:
वा! ती 'बरी डायल' येणार कुठून? दुसरं धडधाकट सी चीफ मोडूनच ना? एक वाचवायला दुसऱ्याचा बळी. शुद्धतेचे पुजारी!

भिंगवाला:
बंद पडलेल्या मशीनचीही डायल मिळते. मिळायला वेळ लागतो, एवढंच.

उलटी_चावी:
भिंगवाले, मुलाम्याचं आणि छपाईचं तुमचं म्हणणं मान्य. हार घालू की शाल पुरे? चार-सहा महिने डायल शोधते, नाही मिळाली तर रंगवते. सरांनी सांगितलं म्हणून चमकीला कोणालाही हात लावू देणार नाही. त्या 'लायकी'वाल्यांना मात्र काही मान्य नाही म्हणून कळवा.

पटत_नाही:
धडकन, ताळेबंदाचं उत्तर हवं होतं ना? चावीचं की क्वार्ट्झचं सोडा. सरकारचाच हात वाईट म्हणता, तर होसूर का चाललं?

देशाची_धडकन:
मालक टाटा होते म्हणून. आता बोला.

पटत_नाही:
बोलतो, नवीन धागा काढा.