सायकेडेलिक्सवरची बंदी आणि साधनेचे स्वातंत्र्य

उंबरठा:
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस मनात घोळतो आहे. पातंजल योगसूत्रांच्या कैवल्यपादातील पहिल्याच सूत्रात सिद्धी मिळण्याचे पाच मार्ग सांगितले आहेत: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. त्यात ‘औषधी’ हा शब्द कसलाही आडपडदा न ठेवता आला आहे. ऋग्वेदाचे अख्खे नववे मंडल सोमाला वाहिलेले आहे. ती वनस्पती कोणती यावर विद्वानांचे अजूनही एकमत नाही, पण तिचा रस कुटून, लोकरीच्या गाळणीतून गाळून पीत असत, याविषयी कोणाचा वाद नाही. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याच्या यादीत मात्र एलएसडी, मेस्कॅलिन, सायलोसिबिन आणि डीएमटी हे सायकेडेलिक्स, म्हणजे जाणीव बदलणारे पदार्थ, सगळेच आहेत. ही बंदी केवळ काही रसायनांवर आहे, की त्यांच्यासोबत एका साधनामार्गावरही आहे? ‘माल’ कुठे मिळतो ही माहिती मला नको आहे. तसे प्रतिसाद कृपया देऊ नयेत.

पुणेकर_वकील:
आपण ‘बंदी’ एकवचनात वापरली आहे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. १६२० मध्ये मेक्सिकोतील इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाने, पेयोटे या मेस्कॅलिनयुक्त निवडुंगावर बंदी घातली, तेव्हा कारण उघडपणे धार्मिक होते: हा निवडुंग खाऊन भविष्य पाहणे ही अंधश्रद्धा आहे आणि तिच्यामागे सैतानाचा हात आहे, असे त्या न्यायासनाचे म्हणणे होते. म्हणजे पेयोटेच्या अनुभवामागे काहीतरी अलौकिक सामर्थ्य आहे हे बंदी घालणाऱ्यालाही मान्य होते; ते सामर्थ्य कोणाचे, एवढाच वाद होता. आधुनिक कायद्याला असल्या गोष्टींशी कर्तव्यच नाही. अमेरिकेच्या १९७० च्या कायद्याने हे पदार्थ पहिल्या अनुसूचीत टाकले ते ‘दुरुपयोगाची शक्यता मोठी आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय उपयोग नाही’ या निकषावर. प्रार्थना हा उपयोग त्या तक्त्यात बसतच नाही.

तो बसवण्याचा प्रयत्न मग न्यायालयांत झाला. ओरेगन राज्यात व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या दोन समुपदेशकांनी नेटिव्ह अमेरिकन चर्च या आदिवासींच्या पंथाच्या विधीत पेयोटे घेतले म्हणून त्यांची नोकरी गेली, आणि पुढे बेकारीभत्ताही नाकारला गेला. १९९० मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो असा की, कायदा सर्वांना सारखा लागू असेल आणि त्याचा रोख कोणत्या धर्मावर नसेल, तर श्रद्धेच्या नावाखाली त्यातून सूट मागता येणार नाही. त्यावर इतका गदारोळ झाला की अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) १९९३ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा स्वतंत्र कायदा केला आणि १९९४ मध्ये आदिवासींच्या पेयोटेविधीला देशभर संरक्षण दिले. १९९३ च्या कायद्याचाच आधार घेऊन, ब्राझीलमध्ये १९६१ साली स्थापन झालेल्या युनियाओ दो व्हेजिताल या पंथाच्या अमेरिकेतील सुमारे १३० अनुयायांनी त्यांचा डीएमटीयुक्त चहा २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात वाचवला. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांचा युक्तिवाद साधा होता: लाखो आदिवासींना पेयोटे चालत असेल, तर या मूठभर लोकांना अपवाद करणे अशक्यच आहे असे सरकार कसे म्हणू शकते?

१९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही अशी एक खिडकी आहे. ज्या देशात अशा वनस्पती रानात उगवतात आणि ‘लहान, स्पष्टपणे निश्चित करता येणारे’ गट परंपरेने धार्मिक विधींत त्या वापरतात, त्या देशाला तेवढ्यापुरता अपवाद राखून ठेवता येतो. अनुभव खरा की खोटा हे कोणी विचारत नाही. तुम्ही कोणत्या गटाचे, एवढेच विचारले जाते. एकट्या साधकाला या खिडकीतून आत येता येत नाही.

नगरकर:
वकीलसाहेबांनी राज्यसत्तेची बाजू मांडली. आमच्या नगरची एक बाजू राहून जाऊ नये म्हणून लिहितो. एलएसडीला सर्वांत ठाम विरोध करणाऱ्यांपैकी एक व्यक्ती शासनातली नव्हती. ते होते आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा. १९६० च्या दशकात अमेरिकी तरुण ‘गोळीत देव सापडतो का’ हा प्रश्न घेऊन नगरजवळ मेहेराजादला येत किंवा पत्रे पाठवत, आणि १९२५ पासून मौनात असलेले बाबा हातांच्या खुणांनी त्यांना उत्तर देत. त्यांचे म्हणणे १९६६ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने छापले गेले: या अनुभवांचा सत्याशी संबंध तेवढाच, जेवढा मृगजळाचा पाण्याशी. वैद्यांच्या देखरेखीखाली ठरावीक आजारांवर वापर करण्याला त्यांची हरकत नव्हती, हे मात्र विसरू नये.

लहानपणी ३१ जानेवारीला अमरतिथीसाठी, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीसाठी, आजोबांबरोबर मेहेराबादच्या टेकडीवर जात असे. दुपारी बारा वाजता हजारो माणसे पंधरा मिनिटे मौन धरतात. खालून दौंड-मनमाड मार्गावरची एखादी मालगाडी गेली, तर तेवढाच काय तो आवाज. एका वर्षी रांगेत आमच्या पुढे पांढऱ्या दाढीचे एक अमेरिकन गृहस्थ होते. आजोबांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारल्यावर त्यांनी सांगितले, “गोळीने मला दार दाखवले, पण रोज सकाळी ते पुन्हा बंद झालेले असे.” म्हणून माझे मत असे की, बंदीला विरोध करणे आणि या पदार्थांना साधना मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुंठसाखर:
मला दोन्ही बाजूंचा थोडा कंटाळा आला आहे, तरी एक आठवण करून देतो. २० एप्रिल १९६२ रोजी, गुड फ्रायडेला, बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपलमध्ये धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. दहांना सायलोसिबिन दिले गेले, उरलेल्या दहांना तुलनेसाठी निकोटिनिक आम्ल, म्हणजे एक साधे जीवनसत्त्व. पहिल्या दहांपैकी बहुतेकांनी गूढ अनुभवाचे वर्णन केले, आणि हा प्रयोग तेव्हापासून पुरावा म्हणून फिरतो आहे. एका विद्यार्थ्याला इतकी अस्वस्थता आली की त्याला शामक इंजेक्शन द्यावे लागले आणि मूळ अहवालात त्याचा उल्लेख नव्हता, हे १९९१ च्या पाठपुराव्यात बाहेर आले. ते मात्र कोणी सांगत नाही. शिवाय हे सगळे पाद्री होऊ घातलेले तरुण होते, प्रार्थनागृहात होते, आणि वर चालू असलेले प्रवचन त्यांच्या कानांवर पडत होते. हीच कॅप्सूल एखाद्या वसतिगृहात घेतली असती तर? पेयोटेच्या विधीतही रात्रभर मातीच्या चंद्रकोरी वेदीभोवती बसणे, पाण्याच्या ढोलावर गाणी, मध्यरात्रीचे पाणी आणि पहाटेचा न्याहारीचा घास असतोच. निवडुंग हा त्या रात्रीचा एक भाग आहे.

उंबरठा:
सर्वांचे आभार. सुंठसाखर यांचा मुद्दा मला सर्वांत जास्त टोचला, कारण मी ‘औषधी’ हा शब्द उचलताना त्याच्या शेजारी बसलेले तप सोयीस्करपणे सोडून दिले होते. वकीलसाहेब, एकच विचारतो: भारतात एखाद्या गटाने असा विधी धर्माचा भाग म्हणून पुढे केला, तर त्याचे काय होईल?

पुणेकर_वकील:
कठीण आहे. एनडीपीएसच्या आठव्या कलमात बंदीला अपवाद आहे तो ‘वैद्यकीय किंवा वैज्ञानिक’ कारणांचा. धर्म हा शब्द तिथे नाही. भांगेला जी मोकळीक आहे, ती शंकराच्या भक्तीमुळे मिळालेली नाही: कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोऱ्याचा शेंडा, आणि शेंड्याविना आलेली पाने व बिया त्यातून वगळलेल्या आहेत. एलएसडी ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त सापडले तरी ते व्यापारी प्रमाण ठरते आणि शिक्षा किमान दहा वर्षांची. राहिला घटनेचा २५ वा अनुच्छेद. तो मुळातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे, आणि न्यायालये प्रथा धर्माचा ‘आवश्यक’ भाग आहे का हे तपासतात. आनंदमार्ग या पंथाच्या तांडवनृत्याच्या खटल्यात १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाहिले ते असे: पंथ १९५५ चा, तांडव सुरू झाले १९६६ मध्ये, तेव्हा जे आरंभी नव्हते ते आवश्यक कसे? आपण म्हणता तो गट उद्या स्थापन झाला, तर सरकारी वकील हाच निकाल सर्वांत आधी पुढे करील.