मदत हवी आहे: जुन्या टूरिंग सायकलला मोटर – हब की मिड ड्राइव्ह?

घाटवेडा
स्टीलची जुनी टूरिंग सायकल आहे. विकायची नाही, नवी ई-बाइक घ्यायची नाही, हे आधीच सांगतो. वाईहून पाचगणी, पसरणीचा घाट सामानासकट चढायचाय आणि गुडघे कुरकुरतात. हब (चाकाच्या मधोमध बसणारी मोटर) घेऊ की मिड ड्राइव्ह (पायडलच्या आसापाशी बसणारी)? २५० वॅट पुरेल? शनिवारी ऑर्डर टाकायची आहे, पटकन सांगा.

स्पोकतार
बीबी शेल (पायडलचा आस बसतो ती फ्रेमची नळी) किती मिमी? मागच्या ड्रॉपआउटमधलं (चाकाचा आस बसतो त्या खाचांमधलं) अंतर १३० की १३५ मिमी? मागचे गिअर कॅसेट (हबवर सरकवलेले) की फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसवलेले)? शिफ्टर (गिअर बदलायचे खटके) कुठले? तुम्ही, सायकल आणि सामान मिळून वजन किती? यातलं एकही लिहिलेलं नाही.

घाटवेडा
टूरिंग म्हटलं की १३५ च असणार ना! कॅसेट ९ गिअरची, हँडलच्या टोकांना बार-एंड शिफ्टर. सगळं मिळून ११० किलो धरा.

सह्यचक्र
डोळे झाकून मिड ड्राइव्ह. तिची ताकद चेनमधून जाते, म्हणजे मागचे गिअर मोटरलाही मिळतात. हब मोटरला एकच गिअर. चढावर वेग ताशी ६ वर आला की ती रचलेल्या वेगाच्या पाव भागात फिरते, बरीचशी वीज उष्णतेत जाते आणि आतले नायलॉनचे दाते मऊ पडतात.

छत्तीस_दाते
मोटर हवीच कशाला? पुढे २६, मागे ३४ दाते लावा. पायडलच्या एका फेरीत १.६४ मीटर, मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर ताशी ६ किमी.

सह्यचक्र
गुडघ्यांचं लिहिलंय त्यांनी. वाचत जा हो.

छत्तीस_दाते
वाचलंय. आता तुम्ही वाचा. मिड ड्राइव्ह बसवली की पुढच्या तिन्ही चेनरिंग (दातेरी चकत्या) जातात, एकच ४२ ची उरते. त्याहून बरीच लहान लावली तर ती मोटरच्या कव्हरबाहेर बसते आणि चेन तिरकी पळते. बॅटरी संपली तर ८ टक्के चढावर ४२/३४ ने, ६० च्या लयीत, पायांनी २५० वॅट काढावे लागतील. मग कुठले गुडघे?

स्पोकतार
भांडण बाजूला ठेवून हिशोब करू. वाई ते पाचगणी उंचीचा फरक साधारण ५७५ मीटर, अंतर १२ किमी, म्हणजे सरासरी चढ जेमतेम ५ टक्के. ११० किलो ताशी १२ ने चढवायला २०० वॅटच्या आसपास लागतात. निम्मे तुमचे, निम्मे मोटरचे. एवढ्यावर २५० वॅटची गिअरवाली (आत दाते असलेली) हब मोटर तापत नाही. बॅटरीतून साधारण १३५ वॅट-तास जातील, ३६ व्होल्ट १० एएच (३६० वॅट-तास) भरपूर झाली. तिन्ही चेनरिंगही राहतात. १० टक्क्यांचे लांब चढ रोजचे असतील तरच मिड ड्राइव्ह.
मोटर मागच्या चाकात घ्या. सामान मागे असलं की पुढचं चाक हलकं होतं आणि खडीवर जागच्या जागी फिरतं. कॅसेटवालीच मागा. ७ ची फ्रीव्हीलवाली आली तरी बार-एंड शिफ्टर फ्रिक्शनवर (टप्प्यांशिवाय फिरणारा) ठेवून चालतं. टॉर्क आर्म (एक्सल फिरू न देणारी पट्टी) विसरू नका. एक्सलची चपटी बाजू ड्रॉपआउटमध्ये फिरली तर वायर पिळून तुटते.

निळा_डबा
उतारावर बॅटरी चार्ज होईल का?

स्पोकतार
नाही. या मोटरमध्ये एका दिशेचा क्लच असतो, उतारावर ती सुटी होते. चार्जिंग फक्त डायरेक्ट ड्राइव्हमध्ये (आत गिअर नसलेली हब मोटर), आणि ती धोंड्यासारखी जड.

सह्यचक्र
मग थेट ७५० वॅटचीच घ्या, राखीव ताकद हाताशी बरी.

स्पोकतार
०.२५ किलोवॅट आणि ताशी २५ किमी, दोन्हींच्या आत असेल तरच आपल्याकडे ती मोटर-वाहन धरत नाहीत. ७५० ला नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागेल.

घाटवेडा
धन्यवाद, पण मित्राची मिड ड्राइव्ह फुकट मिळतेय. तीच बसवतोय. बीबीची उजवी वाटी हलत नाहीये, लांब पाना लावला तरी!

छत्तीस_दाते
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतंत.

स्पोकतार
उजवीकडचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. आधी भेदक तेल घालून रात्रभर ठेवा, नाहीतर वाटीच्या खाचा झिजतील.
मोटर आत सरकवण्याआधी शेलच्या खाली बघा. टूरिंग सायकलला तिथे गिअर केबलचा प्लास्टिकचा गाइड असतो. त्याचा स्क्रू शेलच्या आत डोकावतो आणि मोटरच्या नळीला अडतो. आखूड स्क्रू लावा. गाइडच मोटरला टेकत असेल तर तो काढून केबल अखंड आउटरमधून (बाहेरच्या आवरणातून) न्या. आणि मोटर धरून ठेवणारी लॉकरिंग पहिल्या काही राइडनंतर पुन्हा आवळा. ती ढिली पडली की मोटर फिरून डाउनट्यूबवर (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर) आपटते.

निळा_डबा
अवांतर: याच सायकलला ब्रूक्सची सीट कशी वाटेल?