बॅग खालून दगड झालीये: पुन्हा भरू की नवी घेऊ? ग्लोव्हजही बदलायचेत

४ फुटी पंचिंग बॅग, साधारण ३० किलो, आत चिंध्या. माझं वजन ७२. भरण खाली बसलंय: वरचा वीतभर भाग पोकळ लोंबतो, तळाचा फूटभर इतका कडक की खाली हुक (बाजूने वळवून मारायचा ठोसा) मारला की मनगटात कळ जाते. रेक्झिन पट्ट्यांच्या शिवणीपाशी तडकलंय.

सगळं उपसून, बटणं-चेनचे तुकडे काढून, चिंध्या बारीक कापून थराथराने ठासून भरल्या. महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. वाळू सुचवू नका, ती झिरपून तळाशीच जाते.

बॅग स्लॅबच्या हुकाला आहे, मध्ये स्प्रिंग. खालच्या मजल्यावर हादरा जाऊ नये म्हणून. हुक ६० किलो पेलतो. स्टँडला जागा नाही.

ग्लोव्हज १२ औंसचे, वेल्क्रोवाले. मुठीवरचा फोम अंगठ्याने दाबला तर आतून थेट हाड लागतं. ग्लोव्हजच्या आत साडेचार मीटरचे रॅप्स (हाताला गुंडाळायच्या कापडी पट्ट्या) बांधतो. आठवड्यात ४ दिवस, ३ मिनिटांच्या ६ फेऱ्या, फक्त बॅगवर, स्पारिंग (जोडीदाराशी सराव) नाही.

चिंध्यांभोवती फोमचं अस्तर दिलं तर बसणं खरंच थांबतं का, की ते फक्त मार मऊ करतं? नवीच घ्यायची तर कातडं की जाड कॅनव्हास, घाम आणि दमट हवेत जास्त काय टिकतं? आणि रॅप्स धरून १४ औंस पुरतील, की सरळ १६ घ्यावेत?