'लंगर', 'रगडा', 'गणपत': फौजी बोलीचं कौतुक किती करायचं?

माजी_हवालदार:
पुतण्या ट्रेनिंग आटोपून रजेवर आला. जेवायच्या वेळी आजीला विचारतो, "लंगर लागला का?" म्हातारी म्हणाली, "आपण काय गुरुद्वारात राहतो?" सगळे हसले. मला मात्र बरं वाटलं, पोरगं पलटणीचं झालं! नाना मुलखांची माणसं एकत्र आली की बोलीही सगळ्यांची मिळून बनते. रिक्रूटचा रंगरूट झाला, पहाऱ्यावरच्या 'हू कम्स देअर'चं हुकुमदार झालं. साहेबाचा हुकूम आपल्या जिभेवर बसेल असा करून घेतला, ही लहान गोष्ट नाही.

नाशिककर_७७:
काका, रगडा विसरलात. भर उन्हात कोलांट्या, कोपरं सोलून निघेपर्यंत रांगणं, आणि नाव मात्र चाटच्या गाडीवरचं! शिक्षा म्हटलं तर कुणी जाब विचारेल. भावाचा गुडघा त्यात गेला, घरी सांगितलं काय, तर 'जरा रगडा लागला'. ही बोली झाकायलाच जास्त कामी येते.

माजी_हवालदार:
रगडा मीही खाल्लाय, दुसऱ्याच्या चुकीसाठी. रात्री त्याच शब्दावर हसत आम्ही एकमेकांचे पाय चेपले. हसलो नसतो तर रडलो असतो.

वाचनवेडी:
नाशिककर, तुमच्या शेजारच्या देवळालीचंच बघा. १९व्या शतकात मुदत संपलेले इंग्रज शिपाई तिथल्या कॅम्पात बोटीची वाट बघायचे. बोटी सुटायच्या हिवाळ्यात. हंगाम हुकला की अख्खा उन्हाळा तिथंच. काम नाही, वर उकाडा, दारू, हिवताप. मायदेशाला ते म्हणायचे 'ब्लायटी', म्हणजे आपलं विलायती. आणि तिकडे जाता येईना म्हणून डोकं फिरलं, की 'डूलॅली टॅप'. डूलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे चक्क आपला ताप! आज इंग्रजीत डूलॅली म्हणजे नुसता 'सटकलेला'. विनोद टिकला, आजारी शिपाई विसरले गेले. मी तुमच्या बाजूची.

बांधावरचा:
आणि गणपत? मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाला फौजेत प्रेमानं गणपत म्हणतात. आमचे मामा ते मिरवायचे. पण भाजीवाल्यानं एकदा "काय गणपत!" म्हटलं, तर पिशवी तिथंच टाकून आले.

माजी_हवालदार:
बरोबरच केलं मामांनी. नाशिककर, एकदा भावालाच विचारा, त्याला तो शब्द खुपतो का.

नाशिककर_७७:
विचारलं. म्हणाला, "तू सिव्हिलियन, तुला नाही कळायचं." काका, मी तेच तर सांगतोय!